जॅसिंताचा आवाज

त्या रविवारी नेओमीनं नाताळसाठी शिवून आणलेला पिवळा फ्रॉक घालायचा हट्ट धरला आणि तिच्या आजीनं, लिडियानं, तो पुरवला. रिटाला हे चमत्कारिक वाटलं. वहिनी जॅसिंताला जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा, तिच्यासाठी प्रार्थना. सगळे पांढऱ्या, काळ्या कपड्यांत. आणि जिच्यासाठी मिस्सा, तिची चार वर्षांची मुलगी पिवळ्या फ्रॉकात, केसांना रिबीन लावून फाटकाशी उभी.

"तिलाही नेऊ या ना चर्चला," रिटा आईला म्हणाली. "तिच्या आईची मिस्सा आहे. मी घेऊन बसते मागच्या बाकावर."

"लोक रडणार, पोर घाबरणार. तू थांब तिच्यापाशी. तेवढा भातही बघ." लिडियानं डोक्यावर पदर घेतला आणि ती निघाली. मागोमाग तिचा नवरा पास्कल, आणि शेवटी मुलगा फ्लॉईड. बायको गेल्यापासून फ्लॉईड कुणाच्या तरी मागेच चालायचा. जायच्या आधी त्यानं नेओमीच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

रिटाला भावाची दया आली. जॅसिंताला साध्या तापाचं निमित्त झालं. डेंग्यू निघाला, दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत तिचं शव नंदाखालला परत आलं. दफनाच्या दिवशी नेओमीला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. त्याच दुपारी रिटानं फ्लॉईडला वाडीत केळींच्या आडोशाला नेऊन सांगितलं होतं, "तिला खरं सांग. देवाघरी गेली म्हणू नकोस, ती विचारेल परत कधी येणार. झोपली म्हणू नकोस, ती झोपायला घाबरेल. मेली म्हण. शब्द कडू आहे, पण एवढ्या लहान मुलाला तोच कळतो." रिटा बारा-पंधरा वर्षं गावात बालवाडी चालवत होती. तिच्याकडे शिकलेल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा गेले होते आणि कितीतरी आयांना तिनं हेच सांगितलं होतं. फ्लॉईड तेव्हा म्हणाला होता, "मला थोडा वेळ दे." दोन-तीन दिवसांनी स्वतःहून म्हणाला, "सांगितलं."

त्यानंतर नेओमी रोज बालवाडीत येत होती आणि रिटाला तिचं नवल वाटत होतं. पोर खात होती, झोपत होती, गाणी म्हणत होती. बाहुलीघराच्या कोपऱ्यात खेळण्यातला फोन कानाला लावून तासन्‌तास बोलत होती. मूल आपण होऊन विषय काढेपर्यंत तो त्याच्यावर लादायचा नाही, हे रिटा प्रशिक्षणात शिकली होती. तिनं नेओमीला आईबद्दल काही विचारलं नाही. उलट बालवाडीतल्या मदतनीस बाईंना ती एकदा जरा अभिमानानंच म्हणाली होती, "खरं सांगितलं की मुलं कशी सावरतात, बघा."

भाताचा गॅस बंद करून ती बाहेर आली. नेओमी फाटकाच्या गजांत पाय अडकवून रस्ता बघत होती.

"कुणाची वाट बघतेस गं? सगळे येतील आता."

"सगळे नाही." नेओमी हसली. "सीक्रेट आहे."

"आत्यालाही नाही सांगायचं?"

नेओमीनं थोडा विचार केला. मग आत्याला खाली वाकायची खूण केली आणि तिच्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मम्मी येतेय. विमानातून."

रिटा वाकलेलीच राहिली. "कुणी सांगितलं तुला?"

"मम्मीनं. फोनवर." मग ती घाबरून म्हणाली, "मी तुला सांगितलं, हे आजीला सांगू नको हं. कुवेतचे साहेब रागावतात. मग मम्मीला फोन नाही करू देत."

"मम्मी तुझ्याशी फोनवर बोलते?"

"रोज. तू घरी गेल्यावर."

रिटानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण नेओमी पुन्हा रस्त्याकडे वळली होती. कुवेतहून त्या दिवशी एकच माणूस येणार होतं. जॅसिंताची धाकटी बहीण ॲंजेला. तिकडे ती नर्स होती. दफनाला तिला रजा मिळाली नव्हती. पहाटेच्या विमानानं उतरून ती आईबरोबर, आल्बिनाबरोबर, परस्पर चर्चला जाणार होती. ॲंजेला आणि जॅसिंता दिसायला सारख्या नव्हत्या. जॅसिंता उंच, सावळी. ॲंजेला गोरी, बुटकी. पण फोन उचलल्यावर कोण बोलतंय हे त्यांच्या आईलाही कधी कळलं नव्हतं.

*

सुरुवात लिडियानं केली नव्हती. निदान ती स्वतःला तसंच सांगत आली होती.

दफनाच्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडून घरी आणल्यावर नेओमीनं सगळ्या खोल्या पाहिल्या आणि विचारलं, "मम्मी आली का दवाखान्यातून?" फ्लॉईड उठून वाडीत निघून गेला. पास्कल भिंतीकडे तोंड करून बसला. उत्तर द्यायला उरली लिडिया. ती म्हणाली, "मम्मी कुवेतला गेली. कामाला. ॲंजेला मावशीकडे." वाक्य तोंडातून गेलं आणि पोर शांत झाली. गावातल्या कितीतरी मुलांच्या आया कुवेतला, मस्कतला होत्या. त्यात काही अवघड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ॲंजेलाचा फोन आला. लिडियाला ऐकू कमी यायचं म्हणून ती नेहमी स्पीकर लावायची. ॲंजेला "आंटी" एवढंच म्हणाली आणि नेओमी आतल्या खोलीतून धावत आली. "मम्मी! मम्मी, तू पोचलीस?" पलीकडे ॲंजेला रडायला लागली. काय बोलावं ते तिला कळेना. लिडियाच म्हणाली, "बोल गं तिच्याशी. पोर विचारतेय." आणि ॲंजेला बोलली.

त्या रात्री नेओमी पोटभर जेवली आणि लवकर झोपली. ज्या घरात दोन दिवस कुणी घास घेतला नव्हता तिथं ते पोरगं भात मागून घेत होतं. लिडियाला वाटलं, यात पाप असलं तर ते माझ्या माथ्यावर. व्हिडिओ लावायचा नाही हे तिनंच ठरवलं. फ्लॉईडला चौथ्या दिवशी कळलं. तो दारात उभा राहून आपल्या मेलेल्या बायकोचा आवाज ऐकत राहिला आणि फोन संपल्यावर फक्त म्हणाला, "रिटाला कळू देऊ नका."

पुढं पुढं लिडियाच्या मनात आणखी एक विचार आला. तो तिनं अजून कुणालाच बोलून दाखवला नव्हता.

*

मिस्सा आटोपून मंडळी आली. जेवायला घरचीच माणसं होती. आल्बिना लेकीच्या खांद्यावर हात ठेवून फाटकातून आत आली. महिनाभरात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. ॲंजेलाचे डोळे सुजले होते आणि तिनं तोंडावर रुमाल धरला होता. नेओमीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग तिच्यामागे पाहिलं, मग रस्त्यावर जाऊन रिक्षात पाहिलं.

"ही ॲंजेला मावशी," लिडिया घाईनं म्हणाली. "तिचा घसा बसलाय, बोलवत नाही तिला."

ॲंजेलानं मान हलवली. नेओमीनं तिला शहाण्यासारखं "हॅलो" म्हटलं आणि ती परत फाटकावर जाऊन उभी राहिली.

रिटानं आईला स्वयंपाकघरात गाठलं. लिडिया ताटं पुसत होती.

"आई, नेओमीशी फोनवर कोण बोलतं?"

ताट पुसणारा हात थांबला नाही. "पाहुणे बाहेर बसलेत, रिटा."

"कोण बोलतं?"

"तुला ठाऊक झालंय तर विचारतेस कशाला?"

"फ्लॉईड!" रिटानं हाक मारली. तो दारात आला आणि दोघींचे चेहरे पाहून तिथंच थबकला. "तू मला म्हणालास, सांगितलं."

"सांगणार होतो."

"ती माझ्या वर्गात रोज खेळण्यातला फोन घेऊन बसायची. मला वाटायचं, दुःख खेळातून बाहेर काढतेय. मी लोकांना कौतुक सांगत होते तिचं!" रिटाचा आवाज फाटला. "ती सावरली नव्हती रे. तिचं काही गेलंच नव्हतं अजून. आज ती तिकडे नवा फ्रॉक घालून मेलेल्या आईची वाट बघतेय."

"मग काय करायचं होतं?" लिडियानं ताट आपटलं. रागावली की ती घरच्या बोलीवर यायची. ती भराभर बोलत सुटली. "तुझी पोरं दुपारी आपापल्या घरी जातात. गाणी म्हणून घेतलीस, मणी ओवून घेतले, की तुझं काम झालं. रात्री 'मम्मी' म्हणून उठते तेव्हा तू निर्मळला तुझ्या घरी असतेस. मी असते इथं! मला तिला झोपवायचं असतं. तुझ्या शिक्षणात लिहिलंय का, चार वर्षांच्या पोरीला रात्री काय सांगायचं?"

रिटाला मान्य करावंच लागलं, हे खरं होतं.

"आणि कायमचं थोडंच होतं," लिडिया जरा खाली येत म्हणाली. "आता ॲंजेला आलीच आहे. तिनं परत कशाला जायचं? पोर तिचा आवाज ओळखते. चेहरा काय, लहान मुलं विसरतात. थोडे महिने जाऊ देत. फ्लॉईडचंही वय काही फार नाही."

"आई, काय बोलतेयस तू?" फ्लॉईड म्हणाला.

"गावात झालं नाही का कधी? बहिणीच्या मुलाला बहीणच आई होते. परकी बाई आणण्यापेक्षा बरं."

"चार वर्षांचं मूल आईचा चेहरा विसरत नाही," रिटा म्हणाली.

"काय ठरवताय तुम्ही माझ्या पोरींबद्दल?"

आल्बिना आत आली होती. पाणी प्यायला म्हणून आली असावी, हातात रिकामा पेला होता. तिच्यामागे ॲंजेला. रिटानंच तिला सांगितलं. तिनं काही लपवलं नाही आणि काही मऊही केलं नाही. सांगताना तिला आईकडे बघवलं नाही.

आल्बिनानं सगळं ऐकून घेतलं. मग ती लिडियाला म्हणाली, "विहीणबाई, मी तिकडे उमेळ्याला रोज हातात माळ घेऊन तिच्या आत्म्यासाठी तेर्स म्हणतेय. तिला शांती दे म्हणून हात जोडतेय. आणि तुम्ही तिला रोज संध्याकाळी फोनवर बोलायला उभी करताय?"

"पोरीसाठी केलं, आल्बिनाबाई."

"कुणी केलं? माझ्या पोरीचा आवाज कुणी काढला?" मग तिच्या ध्यानात आलं. ती हळूहळू मागे वळली. "तू?"

ॲंजेलानं रुमाल खाली घेतला.

"दफनाला तू नव्हतीस. बहिणीवर मूठभर माती टाकली नाहीस. आणि हे करत होतीस?"

"म्हणूनच करत होते," ॲंजेला कुजबुजली. "तिकडे ड्यूटी संपवून खोलीवर यायचे तेव्हा कुणी नसायचं. नेओमी मला मम्मी म्हणायची. तेवढा वेळ मला वाटायचं, ताई कुठं गेली नाही. परवा ती म्हणाली, कधी येणार? माझ्या तोंडून निघून गेलं, रविवारी. मी मावशी म्हणून येणार होते, ते मी मम्मी म्हणून सांगून बसले. मला तरी काय कळत होतं तेव्हा?"

"मी नेते हिला उमेळ्याला," आल्बिना म्हणाली. "नेओमीला. आजच. या घरात तिनं कुणावर भरवसा ठेवायचा?"

"नाही, मम्मी," असं म्हणाली ती रिटा. भावाच्या सासूला तीही मम्मीच म्हणायची. सगळ्यांना वाटलं होतं ती आल्बिनाची बाजू घेईल. "तिला आता हलवू नका. जे तिला सांगायचं ते सांगितल्यावर तिच्याजवळ तिचं अंथरूण असलं पाहिजे, ओळखीची भिंत असली पाहिजे, आजी असली पाहिजे. आजीच लागेल तिला."

लिडियानं लेकीकडे पाहिलं. मघाच्या बोलण्यानंतर तिला ही साथ अपेक्षित नव्हती. तिनं पदर डोळ्यांना लावला.

आल्बिना तांदळाच्या पिंपाला टेकली. तिच्यातला राग एकाएकी ओसरला होता आणि त्याखालचं दुसरं काहीतरी वर आलं होतं. ती ॲंजेलाला म्हणाली, "कसं बोलायचीस?"

"आई, नको."

"पोरीशी बोललीस महिनाभर. मला नाही एकदाही ऐकवलंस. सांग ना, कसं बोलायचीस?"

"नको ना."

"रोज दुपारी फोन करायची ती मला. काय विचारायची, तुला ठाऊक आहे. एकदा म्हण. एकदाच, ॲंजेला. मी परत कधी म्हणणार नाही."

फ्लॉईड पुढं झाला. "नको, मम्मी." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. रिटाला दिसलं की त्यालाही ते ऐकायचं होतं. आणि तिला स्वतःलाही.

ॲंजेलानं डोळे मिटले. घसा साफ केला. मग स्वयंपाकघरात जॅसिंताचा आवाज आला, मोकळा, जरा वरच्या पट्टीतला, हसऱ्या सुरात लांबवलेला. "मम्मी, जेवलीस का गं?"

आल्बिना तोंडावर हात दाबून रडायला लागली. आणि बाहेरून पावलं धावत आली.

*

फ्लॉईडला पुढचं सगळं नीट आठवायचं. पुढं कित्येक दिवस त्याला ते आठवत राहिलं.

नेओमी दारातून सुसाट आत आली. "मम्मी!" ती ॲंजेलाच्या अगदी जवळून गेली. तिनं आल्बिनाच्या मागे पाहिलं. कपाटाच्या दाराआड पाहिलं. मागच्या पडवीचं दार उघडून पाहिलं. तिला वाटलं, मम्मी लपलीय. ती हसत होती. "मम्मी, मला आवाज आला! मला कळलं तू आलीस!" मग ती टेबलाखाली वाकून पाहू लागली आणि उठताना तिचं हसणं कमी झालं.

"मम्मी कुठंय?"

फ्लॉईडनं रिटाकडे पाहिलं. रिटाला सगळं ठाऊक होतं, शब्दन्‌शब्द ठाऊक होता. पण तिचे ओठ नुसते हलत होते. तिनं दुसऱ्यांच्या मुलांसाठी जे शब्द सहज वापरले होते ते आता बाहेर येत नव्हते. आई बघत नव्हती. दारात पास्कल येऊन उभा होता, म्हातारा माणूस, हातात टोपी. त्यानं मुलाला मानेनं खूण केली. तुझं काम आहे.

फ्लॉईड खाली बसला. नेओमीचे दोन्ही हात त्यानं हातात घेतले.

"बाळा, मम्मी कुवेतला नाही."

"विमानात आहे."

"विमानातही नाही. मम्मीला ताप आला होता ना? आपण तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी खूप औषधं दिली. पण ती बरी झाली नाही. मम्मी मेली."

"मेली म्हणजे?"

"म्हणजे तिचं शरीर बंद पडलं. ती आता चालू शकत नाही. बोलू शकत नाही. येऊ शकत नाही."

"नाताळला?"

"नाताळलाही नाही. कधीच नाही."

नेओमीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो चूक करतोय आणि तिला ती दुरुस्त करायचीय. "पप्पा, ती आत्ता बोलली. मी ऐकलं."

ॲंजेला पुढं आली. तिला गप्प राहता आलं असतं. पण ती गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "ती मी होते, बाळा. फोनवरही मीच होते. चुकलं माझं."

तो आवाज त्या अनोळखी, गोऱ्या, रडक्या चेहऱ्यातून आला. नेओमीनं तिच्या ओठांकडे पाहिलं. मग तिनं पप्पाच्या हातांतून आपले हात ओढून घेतले, दोन्ही कानांवर गच्च दाबले आणि किंकाळी फोडली. "मम्मीचं बोलू नको! ते मम्मीचंय! देऊन टाक!" ती ॲंजेलाला मारायला लागली, चेहऱ्यावर, तोंडावर. ॲंजेलानं तिला अडवलं नाही. लिडिया तिला उचलायला धावली तर तिनं आजीच्या हाताला चावा घेतला. रिटा पुढं झाली, तिलाही तिनं ढकललं. मग ती टेबलाखाली शिरली. थोड्या वेळानं टेबलाखालून पाण्याचा ओहोळ आला. पिवळा फ्रॉक ओला झाला होता.

"कुणी ओढून काढू नका तिला," एवढंच रिटा म्हणू शकली.

फ्लॉईड टेबलापाशी जमिनीवर आडवा झाला. आत हात घालून त्यानं तळवा वर करून ठेवला आणि तसाच पडून राहिला. ताटं कुणी वाढली नाहीत. कधीतरी एक लहानसा, चिकट हात त्याच्या तळव्यावर येऊन पडला. दफनाच्या दिवशी जे रडू आलं नव्हतं ते फ्लॉईडला तेव्हा आलं.

*

ॲंजेलाची रजा पंधरा दिवसांची होती. ती आठवडाभरातच परत गेली. जाण्याआधी ती नंदाखालला निरोप घ्यायला आली, पण फाटकाच्या आत आली नाही. नेओमी पडवीत होती. ॲंजेलानं लांबूनच हात हलवला. नेओमीनं तिचा हात वर होताना पाहिला आणि आपले कान झाकले. उमेळ्याच्या घरीही ॲंजेला खालच्या आवाजातच बोलायची, असं आल्बिना पुढं सांगायची. आई-मुलीनं त्या दुपारबद्दल एकमेकींशी शब्द काढला नाही. लग्नाचा विषय लिडियानंही पुन्हा काढला नाही.

बालवाडीत सगळं उलटंपालटं झालं. महिनाभर शहाण्यासारखी वागलेली मुलगी आता रोज चड्डी ओली करायची. मुलांना बोचकारायची. गाण्याच्या वेळी जमिनीवर पालथी पडायची आणि उठायची नाही. दोन-तीन आयांनी रिटाकडे तक्रार केली. एकजण म्हणाली, "टीचर, तुमची भाची आहे म्हणून आम्ही गप्प आहोत." रिटानं त्यांना बसवून सांगितलं की हे असंच व्हायला हवं होतं आणि ते उशिरा होतंय. वर्गात मुलांसमोर तिनं सगळ्यांना समजेल असं सांगितलं, "नेओमीची मम्मी मेली. म्हणून तिला राग येतो आणि रडू येतं." मुलांनी ऐकून घेतलं. एका मुलीनं विचारलं, "मग तिची वेणी कोण घालतं?" नेओमी पालथीच पडून म्हणाली, "आजी. दुखवते."

बाहुलीघराचा कोपरा तिनं सोडला. ती आता वाळूत बसायची. खड्डा करायची, त्यात काहीतरी ठेवायची, पुरायची, उकरायची. रिटा शेजारी बसून राहायची. काही शिकवायची नाही. तिच्या हातून महिनाभर जे निसटलं होतं त्याची आठवण तिला त्या वाळूत रोज व्हायची. शांत मुलाकडे ती आता पूर्वीसारखी समाधानानं बघू शकत नव्हती.

घरी नेओमीला एक नवी सवय लागली. कुणीही बाहेर गेलं की ती विचारायची, "मेले का?" फ्लॉईड वसई पूर्वेला कारखान्यात कामाला गेला, "पप्पा मेले का?" पास्कल वाडीत पाणी द्यायला गेला, "आजोबा मेले का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पास्कलनं क्रूसाची खूण केली. फ्लॉईड रोज तिला सांगायचा, "मी कामाला जातोय, संध्याकाळी येईन." आणि संध्याकाळी उशीर होणार असेल तर कारखान्यातून धावत सुटायचा. बोललेला शब्द मोडायचा नाही, एवढंच त्याला आता बाप म्हणून ठाऊक होतं.

लिडियाशी मात्र ती बोलायची नाही. वेणी घालून घ्यायची, हातचं खायची, पण आजीनं काही सांगितलं की ती आत्याकडे नाहीतर पप्पाकडे जाऊन विचारायची, "आजी खरं सांगते का?" लिडियाच्या तोंडावर विचारायची. लिडियानं आयुष्यात कितीतरी मुलांना थापा मारून जेवू घातलं होतं, झोपवलं होतं. बाहेर बागुलबुवा आहे, चांदोबा बोलावतोय, पाल चुकचुकली म्हणजे देव 'हो' म्हणाला. आता साधं 'गरम आहे, भाजेल' हेही तिच्या तोंडून खोटं ठरत होतं. एकदा नेओमीनं मुद्दाम वाटीला हात लावून पाहिला आणि बोट भाजून घेतलं. रडली नाही. नुसतं म्हणाली, "खरंच गरम होतं."

नाताळ त्या घरात नुसता येऊन गेला. पिठाचे गोड फुगे तळले नाहीत, दारावर कागदी तारा लावला नाही. नेओमीनं मध्यरात्रीच्या मिस्साला जायचं नाही म्हटलं आणि तिच्यासोबत फ्लॉईडही घरी राहिला.

जानेवारीतल्या एका सकाळी लिडिया आगाशीला बाजाराला निघाली होती. पिशवी घेऊन ती पडवीच्या पायरीवर आली. नेओमी पायरीवर बसून भिंतीचे पोपडे काढत होती.

"आजी, कुठं जातेस?"

कित्येक आठवड्यांनी तिनं आजीला आपण होऊन काही विचारलं होतं. लिडिया थांबली. "बाजारात. मासळी आणायला."

"तू मरणार आहेस?"

लिडियाच्या तोंडाशी सगळी जुनी वाक्यं आली. अगं नाही गं राणी. मी कुठं मरते. मी तर तुझ्या लग्नात नाचणार. ती वाक्यं तिला पाठ होती आणि त्यातलं एकही म्हणायचं तिचं धाडस होईना.

"हो," ती म्हणाली. "मरणार आहे. सगळेच मरतात. मी म्हातारी आहे, म्हणून मी आधी."

"आज?"

"ठाऊक नाही, बाळा. आज मरेन असं वाटत नाही. पण मला ठाऊक नाही."

नेओमीनं तिच्याकडे पाहिलं. आजी खरं सांगते का, हे विचारायला आत्या तिथं नव्हती, पप्पा कामावर गेले होते. लिडिया पिशवी छातीशी धरून उभी होती.

"मग मी पण येते," नेओमी म्हणाली, आणि चपला शोधायला घरात गेली.